तुरळक ठिकाणी, हलक्या सरी

पितृपंधरवडा संपून घटस्थापनेची लगबग सुरू होते, अंगणातल्या फरशीवरचे शेवाळ उन्हाने करपू लागते, आणि छत्र्या वाळवून माळ्यावर टाकाव्यात की आणखी एखादा आठवडा दाराशीच राहू द्याव्यात असा प्रश्न घरोघर पडतो, त्या दिवसांत वर्तमानपत्रातला हवामानाचा रकाना, जो जून-जुलैमध्ये पहिल्या पानावर मानाच्या आसनावर विराजमान असतो, तो गुपचूप आतल्या पानावर सोन्याचांदीच्या भावांशेजारी येऊन बसतो. तेथे तो सांगतो तरी काय? कोकणात व मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम सरींची शक्यता, मराठवाड्यात मेघगर्जनेसह तुरळक पाऊस, विदर्भात हवामान मुख्यतः कोरडे, आकाश अंशतः ढगाळ, कमाल तापमानात किंचित वाढ. लग्नपत्रिकेत 'आपले विनीत' या शब्दांखाली छापलेल्या नामावळीवरून दृष्टी जशी घसरते, तशीच ती या मजकुरावरूनही घसरते, आणि वाचक पुढच्या पानावर जातो.

माझे चुलते मात्र जात नाहीत. बार्शी तालुक्यात त्यांची काळी जमीन आहे, वय पंचाहत्तरीच्या पुढे गेले आहे, आणि दरवर्षी सप्टेंबरच्या अखेरीस त्यांचा मला एक फोन ठरलेला असतो. मी पुण्यात राहतो, आणि पुण्यात हवामान खात्याची मोठी कचेरी आहे, एवढ्या पुराव्यावर मी त्या खात्याचा अर्धा नोकर आहे अशी त्यांची समजूत झालेली आहे. "काय म्हणतंय रं तुमचं खातं? सोयाबीन काढू का चार दिस थांबू?" काही वर्षांपूर्वी या प्रश्नाला मी वर्तमानपत्र हातात धरून मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिले, की आठवडाभर विशेष काही नाही, तुरळक कुठेतरी हलक्या सरी आहेत, खुशाल काढा. त्यांनी काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास पूर्वेकडून आभाळ भरून आले, पाऊण तास पाऊस कोसळला, आणि बांधाशी रचलेली, ताडपत्री न घातलेली सुडी बुडापर्यंत भिजली. दुसऱ्या दिवशी मी ओशाळून फोन केला, तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "खातं खोटं बोललं न्हाई बाबा. तुरळक म्हणलं हुतं, ते आमच्यावर आलं. तूच नीट वाचलं न्हाईस."

हे बोल मला फार लागले, आणि त्यानंतर मी हा रकाना, एखाद्या वकिलाने खरेदीखत वाचावे तसा, शब्दागणिक वाचू लागलो. तेव्हा ध्यानात आले की वादळाचा इशारा समजायला कोणतीही विद्या लागत नाही, तो लाल रंगात येतो आणि लहान मुलालाही कळतो; कठीण असते ते शरदाच्या आरंभीच्या सौम्य आठवड्याचे हे मिळमिळीत निवेदन, कारण त्यात भीती घालणारे काही नसते, आणि तरी त्यातल्या प्रत्येक विशेषणामागे एक मुक्रर आकडा उभा असतो.

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. मुख्य कचेरी आधी कलकत्त्यास होती, १९०५ मध्ये ती सिमल्यास गेली, १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आली, आणि १९४४ मध्ये दिल्लीस रवाना झाली. दफ्तर दिल्लीस गेले तरी शिवाजीनगरातल्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजूनही 'सिमला ऑफिस'च म्हणतात, आणि बसच्या थांब्याचे नावही तेच आहे. अशा दीर्घ परंपरेच्या सरकारी खात्यात शब्द कधी सैल वापरले जात नाहीत. मामलेदार कचेरीत 'सदर' आणि 'मजकूर' यांना जसा ठरीव अर्थ असतो, तसाच येथे 'तुरळक', 'काही', 'बऱ्याच' आणि 'बहुतांश' या शब्दांना आहे. एका विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी'; चौथ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत असेल तर 'काही ठिकाणी'; निम्म्याहून अधिक ते पाऊण हिश्शापर्यंत 'बऱ्याच ठिकाणी'; आणि त्याच्याही पुढे गेला की 'बहुतांश ठिकाणी'. म्हणजे एखाद्या विभागात चाळीस केंद्रे धरली, तर त्यांतली दहा भिजून चिंब झाली आणि तीस कोरडी ठणठणीत राहिली, तरी अंदाज अक्षरशः खरा ठरतो. शहरातला वाचक 'तुरळक' म्हणजे 'नाहीच' असे मानतो. त्या दहांत ज्याचे रान असते त्याच्यापुरता तो पाऊस सोळा आणे असतो.

जी गोष्ट व्याप्तीची, तीच प्रमाणाची. चोवीस तासांत २.५ मिलिमीटरपासून १५.५ मिलिमीटरपर्यंत पडला तर तो 'हलका', तेथून ६४.४ मिलिमीटरपर्यंत 'मध्यम', आणि ६४.५ पासून पुढे 'जोरदार'. ६० मिलिमीटर पाऊस हा घराच्या गॅलरीतून पाहणाऱ्याला मुळीच मध्यम वाटत नाही, पण कागदावर तो मध्यमच. साधा हिशेब करून पाहावा: एकरभर जमिनीवर १० मिलिमीटर पाऊस, जो नियमाने 'हलका' ठरतो, तो पडला म्हणजे सुमारे ४० हजार लिटर पाणी पडले. चुलत्यांच्या सुडीवर त्या दिवशी जे पडले तेही बहुधा याच हलक्या वर्गात मोडणारे असावे.

आणखी एक बारकावा, ज्यात सुशिक्षितही फसतात. पाऊस रोज सकाळी साडेआठला मोजला जातो, आणि तो आकडा त्या सकाळच्या तारखेवर टाकला जातो. सव्वीस तारखेच्या नोंदीत दिसणारा पाऊस पुष्कळदा पंचवीस तारखेच्या संध्याकाळचा असतो. या कारणाने 'कालच्या पावसाची आजच्या कागदावर नोंदच नाही' असे वाद चहाच्या टपरीवर पुष्कळ होतात.

विभागांच्या हद्दींविषयी मात्र माझी तक्रार आहे आणि ती मी लपवीत नाही. खात्याच्या दृष्टीने महाराष्ट्राचे विभाग चार: कोकण (त्यात गोवा धरून), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. यांपैकी मध्य महाराष्ट्र हे प्रकरण असे अजब आहे, की त्यात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणारे महाबळेश्वरही येते आणि तेथून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरवरचा, जेमतेम पाचशेच्या आसपास पावसावर जगणारा माणदेशही येतो. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणून तीही मध्य महाराष्ट्रात. पण बसने अर्ध्यापाऊण तासावरची येडशी धाराशिव जिल्ह्यात, म्हणून मराठवाड्यात. ढगाला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. माझ्या चुलत्यांनी महाबळेश्वराचा अंदाज वाचावा की येडशीचा? अलीकडे जिल्हावार अंदाज निघतात, आणि पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक यांच्या घाटमाथ्यासाठी इशारेही वेगळे काढले जातात. ही सुधारणा मोठीच म्हणावी लागेल. परंतु वर्तमानपत्रात छापून येते ते बहुधा जुन्या चार नावांखालचेच, आणि सोलापूर-धाराशिवच्या सीमेवरच्या माणसाने दोन्ही नावे वाचावीत, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे.

आता हा आठवडा सौम्य का असतो ते पाहू. जूनपासून जे नैर्ऋत्येचे वारे अरबी समुद्रावरून बाष्पाची ओझी वाहून आणीत असतात, त्यांचा अंमल सप्टेंबरच्या उत्तरार्धात वायव्येकडून, म्हणजे राजस्थानच्या वाळवंटाच्या बाजूने, उठू लागतो. मान्सून परतला असे जाहीर करण्यासाठी खात्याला तीन गोष्टी रुजू व्हाव्या लागतात: त्या प्रदेशात सलग पाच दिवस पाऊस थांबलेला असावा, उपग्रहाच्या चित्रांत हवेतले बाष्प लक्षणीय घटलेले दिसावे, आणि जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर प्रत्यावर्त स्थापन झालेला असावा. प्रत्यावर्त म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत वरून खाली बसणारी हवा. खाली बसताना हवा दाबली जाते, दाबली की तापते, तापली की तिच्यातले ढग विरून जातात. म्हणूनच तिच्या छायेखाली आकाश असे निळेभोर होते. वायव्य राजस्थानातून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी १ सप्टेंबर मानली जाई. २०२० मध्ये ती १७ सप्टेंबर करण्यात आली. मुंबईची तारीख त्याच वेळी २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. सबंध देशातून तो १५ ऑक्टोबरच्या सुमारास जातो. तथापि पाऊस कोणाचा नोकर नव्हे. २०१९ मध्ये राजस्थानातून तो हलायलाच ९ ऑक्टोबर उजाडला, आणि तोवर इतका उशीर नोंदीत कधी झाला नव्हता.

येथे आपल्या एका लाडक्या शब्दाची थोडी झडती घेतली पाहिजे. या दिवसांत पडणाऱ्या पावसाला आपण 'परतीचा पाऊस' म्हणतो, जणू जाता जाता मान्सून मागे वळून पाहुण्यासारखा पुन्हा उंबऱ्यात उभा राहिला आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. मान्सून जेथून खऱ्या अर्थाने परतला तेथे पाऊस पडतच नाही. पडतो तो जेथून तो अजून निघालेला नाही तेथे, त्या संधिकाळात. वारे मंदावलेले असतात, ढगांचे छत फाटलेले असते, चार महिने पाणी प्यालेली जमीन उन्हाने तापून वाफ सोडीत असते, आणि बंगालच्या उपसागराकडून पूर्वेचे वारे दमट हवा आणून तीत भर घालतात. सकाळी आकाश धुतल्या काचेसारखे असते. अकराच्या सुमारास पिंजलेल्या कापसाचे पुंजके दिसू लागतात. दोन वाजता त्यांचे डोंगर होतात, चार वाजता एखाद्या डोंगराचा माथा ऐरणीसारखा चपटा होऊन पसरतो, खालची बाजू शिसवी रंगाची होते, आणि मग विजा. जूनच्या झडीचा आणि या पावसाचा स्वभावच वेगळा: तो पश्चिमेकडून येऊन तासन् तास रेंगाळणारा, हा पूर्वेकडून येऊन अर्ध्या तासात दंगा करून निघून जाणारा, तो जिल्हे भिजवणारा, हा शिवार निवडून भिजवणारा. बांधाच्या एका बाजूला चिखल आणि दुसऱ्या बाजूला फुफाटा असे दृश्य याच दिवसांत दिसते. या पावसात पाण्यापेक्षा वीज अधिक घातक, कारण नेमकी ती दुपारची वेळ माणसे रानात असण्याची असते, आणि पावसापासून वाचण्यासाठी माणूस जातो ते झाडाखालीच.

मुंबईकर आणि पुणेकर या आठवड्याची दुसरीच कैफियत मांडतात, ती उन्हाची. या 'ऑक्टोबर हीट'चे कोडे मोठे मौजेचे आहे. पुण्याच्या डोक्यावर सूर्य नेमका माध्यान्ही येतो तो मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. पण जुलैत तो कोणाला दिसतो? ढगांच्या आडून त्याचे तेज गाळून येते, आणि आपण स्वेटर शोधतो. सप्टेंबरच्या बावीस-तेवीसला तो विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे चालू लागतो, म्हणजे दिवसेंदिवस आपल्यापासून दूरच जात असतो, आणि तरी पारा वर चढतो, कारण मधला पडदा निघालेला असतो. मुंबईत ऑगस्टमध्ये तीस अंशांच्या आसपास रेंगाळणारे कमाल तापमान ऑक्टोबरात तेहतिसाच्या पुढे जाते. तेथे आणखी एक गोष्ट घडते: सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो, आणि खारा वारा दुपारी किती वाजता आत शिरतो यावर त्या दिवसाचा ताप ठरतो. तो अकराला आला तर दिवस सुसह्य. दोनपर्यंत खोळंबला तर लोकलच्या डब्यात माणसे एकमेकांकडे गुन्हेगारासारखी पाहतात.

परंतु याच निरभ्र आकाशाची रात्रीची करामत निराळी, आणि मला स्वतःला या ऋतूत सर्वांत प्रिय असलेली. ढगांची गोधडी निघाली की जमीन दिवसभराची उष्णता रात्री मोकळ्या अवकाशात फेकून देते. पुण्यात ऑगस्टमध्ये दिवसा आणि रात्री यांच्या तापमानात सहा-सात अंशांचाच फरक असतो. ऑक्टोबरात तो बारा-तेरा अंशांवर जातो. पहाटे गवतावर दव दिसते, नदीकाठच्या सखल रानात धुई पसरते, आणि पांघरुणाची घडी आपोआप मोडली जाते.

अशा शांत, निरभ्र रात्रींविषयी एक नवल पुण्याच्या याच कचेरीतून जगापुढे आले आहे, आणि ते आपल्याकडे जितके ठाऊक असावे तितके नाही. १९३२ मध्ये येथे कृषी हवामानशास्त्राची शाखा सुरू झाली आणि चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या हाताखाली तयार झालेले लक्ष्मीनारायणपुरम अनंतकृष्णन रामदास हे भौतिकशास्त्रज्ञ तिचे प्रमुख झाले. जमीन उष्णता सोडून थंड होते, म्हणजे सर्वांत थंड हवा जमिनीला लगटून असणार, हे कोणीही तर्काने सांगेल, आणि पुस्तकांतही तेव्हा तसेच लिहिलेले होते. रामदासांनी व त्यांच्या सहकाऱ्याने तापमापके जमिनीपासून निरनिराळ्या उंचींवर टांगून पाहिली, आणि आढळले ते असे, की उघड्या जमिनीवर, वारा पडलेल्या रात्री सर्वांत थंड थर मातीला टेकलेला नसून तिच्यापासून वीत-दोन वीत वर तरंगत असतो. विद्वानांनी आधी या निष्कर्षावर शंका घेतली. पुढे इतरांच्या मोजमापांनी तो खरा ठरला, आणि त्या थराला आज जगभर 'रामदास थर' म्हणतात. वाफ्यातल्या कोवळ्या रोपाचा शेंडा नेमका त्या उंचीवर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे तापमापके जमिनीलगत टांगण्याची ही खटपट कोणासाठी होती ते कळते.

शेतकऱ्याच्या तोंडी मात्र या आठवड्याचे नाव शरद नसते. तो म्हणतो, 'हत्ती लागला'. हत्ती म्हणजे हस्त: सूर्य हस्त नक्षत्रात सप्टेंबरच्या सत्तावीस तारखेच्या सुमारास प्रवेश करतो, आणि पंचांगात त्या वर्षीच्या नक्षत्राचे वाहन बेडूक आहे, म्हैस आहे की गाढव, यावरून पावसाचा अदमास बांधण्याचा प्रघात आहे. पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरणाऱ्या मुलींचा हादगा हा याच हस्ताचा उत्सव. वाहनावरून बांधलेल्या अंदाजाची मी रुजवात घालून पाहिलेली नाही आणि ती घालण्याची उत्सुकताही मला नाही. परंतु नक्षत्रांवर शेतीचे वेळापत्रक बांधण्यात एक शहाणपण निश्चित आहे. सणांच्या तिथी चंद्रावर चालतात, म्हणून त्या ऋतूच्या मानाने मागेपुढे सरकतात: अधिक अश्विनामुळे २०२० मध्ये घटस्थापना १७ ऑक्टोबरला आली, आणि २०२५ मध्ये ती २२ सप्टेंबरलाच येऊन गेली. 'आमच्या लहानपणी नवरात्रात असा पाऊस नसे' ही तक्रार करताना आपण कोणत्या नवरात्राविषयी बोलतो आहोत हे पाहिलेच पाहिजे. सूर्यनक्षत्र मात्र दरवर्षी जवळपास त्याच तारखेला लागते. जवळपास, असे अशासाठी म्हणायचे, की अयनचलनामुळे साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस या हिशेबाने नक्षत्रेही ऋतूंच्या पुढे सरकत असतात. वराहमिहिराच्या काळी हस्त आजच्यापेक्षा सुमारे तीन आठवडे आधी, भर पावसाळ्यात लागत असला पाहिजे. तेव्हाची पर्जन्यवचने आज जशीच्या तशी ताडून पाहणाऱ्यांनी एवढा फेरफार ध्यानात ठेवलेला बरा.

या हस्ताच्या सरी कोणाला हव्या आणि कोणाला नकोत, याचा नकाशा काढला तर तो हवामानाच्या नकाशापेक्षा अधिक गुंतागुंतीचा होईल. कोकणात हळवे भात पिवळे होऊन उभे असते. कापलेले भारे उडवीत रचून होईपर्यंत त्याला चार कोरडे दिवस हवे असतात. नाशिककडे द्राक्षबागांची गोड्या बहाराची छाटणी सुरू असते, आणि कोवळ्या फुटीवर दोन दिवस पाने ओली राहिली की डाऊनी रोगाच्या भीतीने बागाइतदाराची झोप उडते. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन शेंगेत वाळलेले असते आणि कापसाची पहिली बोंडे उमलत असतात. भिजले तर शेंगेतच कोंब फुटतात, आणि सरकारी खरेदीच्या काट्यावर बारा टक्क्यांपेक्षा अधिक ओलावा निघाला तर माल परत येतो. हे सगळे नको म्हणणारे. परंतु बार्शीच्याच सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या मुलखात, माणूस हत्तीच्या एका दमदार पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. रब्बीची ज्वारी पुढे चार महिने पाऊस न पाहता, काळ्या मातीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर जगते. हस्त कोरडा गेला तर तिफण बांधायची की नाही हाच प्रश्न.

आणि पाऊस झाला तरी लगेच पेरता येत नाही. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, यावा लागतो. चुलत्यांनी मला एकदा तो दाखवला: त्यांनी बोटभर खालची माती उकरली, मुठीत दाबून तिचा लाडू केला आणि कमरेच्या उंचीवरून सोडून दिला. लाडू जमिनीवर पडून फुटला, पण भुगा झाला नाही, चार तुकडे झाले. "आता आलाय," ते म्हणाले. न फुटता चपटला असता तर अजून दोन दिवस थांबायचे होते. हवामान खात्याच्या निवेदनात 'उघडीप' असे एका शब्दात जे लिहिलेले असते, त्याचा अर्थ या लाडवात होता.

चुलत्यांच्या दारात घटकाभर बसले, तर एकाच घरात दोन्ही मते ऐकू येतात. सोयाबीनच्या सुडीसाठी पाऊस नको असतो. शेजारच्या, ज्वारीसाठी राखलेल्या तुकड्यासाठी तो हवा असतो. अशा माणसाला 'हवामान सौम्य राहील' असे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे.

सौम्य शब्दाने गाफील राहू नये याचे दाखलेही दूर शोधायला नकोत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात काही तासांच्या पावसाने आंबिल ओढ्याला असा पूर आला, की माणसे, गाड्या आणि गोठ्यातली जनावरे वाहून गेली. २०२१ च्या सप्टेंबरअखेर 'गुलाब' नावाचे चक्रीवादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळले, आणि त्याचे उरलेसुरले अवशेष मराठवाड्यात नद्यांना पूर आणीत भूमी ओलांडून अरबी समुद्रात उतरले. तेथे त्यांनी 'शाहीन' या नव्या नावाने पुन्हा बाळसे धरले आणि ओमानचा किनारा गाठला. त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यात आंध्राच्या किनाऱ्यावरून आत आलेल्या तीव्र कमी दाबाच्या क्षेत्राने सोलापूर आणि पुणे बुडवले होते. तेव्हा या दिवसांत मुंबईकराने समुद्राकडे पाहावे हे ठीक, पण सोलापूरकराने पाठीमागे, बंगालच्या उपसागराकडे पाहावे. तेथे कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची दोन ओळींची बातमी आली, की आठवड्याचा सौम्यपणा तहकूब झाला असे समजायला हरकत नाही.

आठवड्याच्या अंदाजातल्या सर्व दिवसांना सारखा भावही देऊ नये. पहिले दोन-तीन दिवस बऱ्यापैकी भरवशाचे; पाचव्या दिवसापुढे तो केवळ कल समजावा. दुपारच्या ढगाचे तर असे आहे, की त्याचा जन्म आणि मृत्यू तास-दीड तासात, पाच-दहा किलोमीटरच्या घेरात होतो. तो कोणाच्या शिवारावर फुटेल हे तीन दिवस आधी सांगणारे यंत्र अद्याप निघालेले नाही. त्यासाठी डॉप्लर रडारवरून पुढच्या तीन तासांपुरते तातडीचे इशारे निघतात, आणि विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे अॅप फोनवर घेता येते. सकाळी 'तुरळक' वाचावे, दुपारी दोननंतर तीन तासांचा इशारा पाहावा, आणि ताडपत्री सुडीपासून पन्नास पावलांच्या आत ठेवावी, असा माझा आणि चुलत्यांचा आता शिरस्ता पडला आहे.

ज्यांचे कोणी आप्त शेती करीत असतील त्यांनी मंगळवार आणि शुक्रवार हे दोन वार लक्षात ठेवावेत. त्या दिवशी हवामान खाते आणि राहुरी, परभणी, अकोला, दापोली येथील कृषी विद्यापीठे यांच्या सहकार्याने कृषी हवामान सल्ला निघतो. पुढच्या पाच दिवसांचा जिल्ह्याचा अंदाज आणि कोणते पीक काढावे, कोणते झाकावे, फवारणी कधी टाळावी, हे त्यात मराठीत लिहिलेले असते, आणि त्याला एक पैसाही पडत नाही.